तूर्तास इच्छा दिसून येत नाही

मु. पो. केनवड, ता. वाशिम, जि. अकोला
२२ एप्रिल १९७९

तुम्हाला,

लग्नाला चार वर्षं होत आली आणि तुमच्या बायकोचं तुम्हाला हे पहिलं पत्र. मायना काय लिहावा ते सुचत नाही. शाळेत वडिलांस पत्र, गुरुजींस पत्र, तहसीलदारांस अर्ज, सगळे धडे होते. नवऱ्यास पत्र हा धडा नव्हता. म्हणून नुसतं 'तुम्हाला'. नाव घ्यायची पंचाईतही वाचली.

घाबरू नका, घरी सगळे बरे आहेत. मामाजींचा गुडघा दुखतो आणि आत्याबाईंचं नेहमीप्रमाणे काहीच दुखत नाही. तुमची पत्रं मामाजींच्या नावाने येतात, मामाजींच्या हातची उत्तरं जातात, मग ही मध्येच कुठून उगवली असं तुम्हाला वाटलं असेल. मागच्या पत्रात तुम्ही कॉम्प्युटरबद्दल जे लिहिलंत त्यातलं एक विचारायचं आहे. तेवढंच.

पत्र आलं तेव्हा मामाजींनी शेजारच्या किसनसिंगकाकांना ओट्यावर बोलावून बसवलं, चष्मा दोनदा पुसला आणि सभेत वाचावं तसं वाचलं. मी दाराआड वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होते. निरनिराळ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत, ज्याची त्याची बोली वेगळी. म्हणून परदेशात जाणती माणसं बसून सगळ्यांसाठी एक रीत ठरवत आहेत. बोलण्याचं काम सात थरांत वाटायचं घाटत आहे. आणि ते शिकायला मुंबईच्या ऑफिसने तुम्हाला निवडलं, २३ मेला विमान, वर्षभर तिकडे. वर्षभर म्हणताना मामाजींचा आवाज चढला. अभिमानाने असेल.

किसनसिंगकाका म्हणाले, "सात कायले पायजेत, माणिकराव? एक तार टाकली का झालं."

"तसं नसते. कचेरीत एका सायबाचा कागद दुसऱ्या सायबाच्या हातात डायरेक जाते काय? मंधात बारनिशी लागते का नाई?"

बावीस वर्षं वाशिमच्या कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद केलेला माणूस. त्यांच्या मते तुमचे सातही थर म्हणजे एकावर एक सात बारनिशी कारकून आहेत. फार चुकीचंही नसावं.

तुम्ही टपालाचा दाखला दिला होतात. मला आपली घरातली उतरंड बरी वाटली. सगळ्यात वर ज्याला खरं काम आहे तो. त्याच्याखाली बोलणं पलीकडच्याला समजेल अशा रूपात घालणारा. मग कोणाची पाळी ते सांभाळणारा, मग पोहोच घेणारा, मग वाट दाखवणारा, मग शेजारच्या यंत्रापर्यंत नीट नेऊन देणारा, आणि सगळ्यात खाली तार. मधल्या मडक्याला फक्त खालच्यावर बसायचं आणि वरच्याला पेलायचं, बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नाही. खाली उतरताना प्रत्येकाने वरून आपली एक चिठ्ठी लावायची. पलीकडे वर चढताना त्या त्या थराने आपापली चिठ्ठी काढून घ्यायची. प्रत्येकाला वाटतं आपण समोरच्या जोडीदाराशीच बोलतो आहोत, आणि खरं तर तो हातातलं खालच्याच्या हवाली करत असतो. मला फार आवडलं ते. मी कुरडया भरायच्या विसरले.

तर विचारायचं ते असं. वरच्याने दिलेलं आतून उघडायचं नाही, हा तुमच्याकडे नियम आहे. पण एखाद्या थराने उघडलं, आणि वाईट मनाने नाही, चांगल्या मनानेच दोन शब्द इकडचे तिकडे करून पुन्हा बांधलं, तर टोकाच्या दोघांना ते कळतं का? त्यावर काही उपाय ठरला आहे का?

तुमच्या प्रत्येक पत्रात शेवटी मोठ्यांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद असतात. मी त्या दोन्हीतल्या कशात येते ते चार वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. हा काही प्रश्न नाही, सहज लिहिलं.

वच्छला

केनवड
२ मे १९७९

तुम्हाला,

चौथ्या थराचं काम पोहोच घेणं, असं तुम्हीच लिहिलंत. समोरून पोहोच आली नाही तर ठरलेला वेळ थांबायचं आणि तेच पुन्हा पाठवायचं, न रुसता. दहा दिवस झाले, तुमची पोहोच नाही, म्हणून पुन्हा पाठवते आहे. न रुसता मात्र मला जमलेलं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नव्हतं, पण अर्धंच लिहिलं होतं. आता उरलेलं लिहिते.

त्या दिवशी पत्र वाचताना मामाजी कागद उलटल्यावर एका जागी थांबले. खाकरले. मग एकदम 'बाकी सर्व क्षेम' आलं. किसनसिंगकाकांना काही जाणवलं नाही. आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण बेचाळीस वर्षं त्या या माणसाचं वाचणं ऐकत आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी विहारात बैठकीला गेले तशा त्या कोनाड्यातून पत्र घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या.

"हे वाच, वच्छला."

"काल वाचलं ना मामाजीनं."

"सारं नाई वाचलं. मंधात चार ओळी गियल्या त्यायनं. थ्या वाच."

मी मोठ्याने वाचू लागले आणि मीही त्याच जागी अडखळले. तुम्ही लिहिलं होतं: 'वच्छलाला माझ्याकडे यायचं नाही हे तीन वर्षांपूर्वीच कळलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता मी वर्षभर लांब जाणार. तिला माझ्या नावाने अडकवून ठेवणं बरं नव्हे. तिची इच्छा असेल तर फारकत द्यायला मी तयार आहे. तिला विचारून कळवावे.'

मी कधी म्हटलं, मला यायचं नाही? कोणाला म्हटलं?

आत्याबाईंनी ऐकलं, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुले इचारलं तं म्याच होतं, बाई."

तुम्हाला तुमचे बाबा ठाऊकच आहेत. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. तुम्हाला पाठवलेल्या प्रत्येक पत्राची त्यांनी स्थळप्रत ठेवली आहे, जावक क्रमांक घालून, दोऱ्याने शिवून. आत्याबाईंनी तो गठ्ठा माझ्यापुढे टाकला. जावक क्रमांक चौदा, तारीख २१ जून १९७६: 'तुझे दि. १२ चे पत्रान्वये कळविण्यात येते की, चि. सौ. वच्छला हिची मुंबईस येण्याची तूर्तास इच्छा दिसून येत नाही. सबब खोलीबाबत पुढील कार्यवाही करू नये.'

खोली. तुम्ही माझ्यासाठी खोली पाहिली होती हे मला तीन वर्षांनी, परसात बसून कळलं.

मग आम्ही दोघींनी एक एक करून सगळं आठवलं. तुम्ही लिहिलंत, तिची इच्छा असेल तर खोली घेतो. मामाजी आत्याबाईंना म्हणाले, "सुनेले इचार, मुंबईले जाते काय." आम्ही जात्यावर तूर भरडत होतो. आत्याबाईंनी मला विचारलं, "काव, तुले मुंबईले जाचं हाये काय?" इतकंच. तुम्ही बोलावलं आहे, खोली पाहिली आहे, त्यातलं काही माझ्यापर्यंत पोचलं नाही. मला वाटलं, सासू मला जोखते आहे. वर्षाची नवी सून, 'हो, मला नवऱ्याकडे जायचं आहे' असं तोंड वर करून म्हणेल का? आमच्यात त्याला एकच उत्तर आहे, आईने माझ्याकडून घोकून घेतलेलं. मी म्हटलं, "तुमी म्हनसान तसं."

आत्याबाईंनी आत जाऊन सांगितलं, "थे काई जातो म्हनत नाई. आपल्यावरच टाकते. मन नसन तिचं." आणि मामाजींनी ते कचेरीच्या भाषेत बसवून तुम्हाला रवाना केलं.

कोणी खोटं बोललं नाही हो. मी रागवायला कोणी सापडतं का म्हणून पुष्कळ शोधलं. तुमच्या यंत्रांत असंच आहे ना, की अर्थ तोच ठेवून रूप बदलायचं? इथे प्रत्येकाला वाटलं आपण तेच केलं.

पण एक माणूस सापडला मला रागवायला. तुम्ही. ज्याला पोहोच आणि पुन्हा पाठवणं एवढं कळतं, त्याने एकदाच विचारलं आणि तो गप्प बसला. त्यानंतर दोनदा घरी आलात, चार चार दिवस राहिलात. मी आंघोळीचं पाणी काढून उभी होते. तुम्ही म्हणालात, 'ठेव तिथे.' मी ठेवलं आणि आत गेले. तिथे उभं राहून तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर? मीही बोलले नाही, ते खरं आहे. मला वाटत होतं तुम्हाला मी तिथे नको आहे. तुम्हाला वाटत होतं मला तुम्ही नको आहात. आणि आपल्यामध्ये एक बादली होती.

तुम्ही गेलात की तुमच्या उशीची खोळ मी आठ आठ दिवस धुवायला काढत नाही. मला तुमची फार आठवण येते. हे वाक्य मी आजवर कोणाकडून पाठवू शकले असते, सांगा.

फारकतीचं उत्तर: नको.

वच्छला

केनवड
८ मे १९७९

तुम्हाला,

आज मी मामाजींशी बोलले. तुम्हाला हे वाचून हसू येईल, पण या घरात चार वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. ते ओट्यावर, मी दाराआड, आणि मध्ये आत्याबाई. 'मामाजींना म्हणा चहा झाला', मामाजी दोन हातांवर बसलेले असले तरी.

दुपारी ते ओट्यावर एकटेच होते. मी डोक्यावर पदर घेतला, बाहेर आले आणि क्रमांक चौदा त्यांच्यापुढे ठेवला.

"मामाजी, हे मी म्हन्लं नव्हतं."

त्यांनी आधी आत बघितलं, आत्याबाई येतील म्हणून. आत्याबाई चुलीपाशी होत्या आणि मुद्दाम उठल्या नाहीत. मग त्यांनी कागद लांब धरून सावकाश वाचला, जणू दुसऱ्या कोणी लिहिलेला आहे.

"मंग काय म्हन्लं होतं तुनं?"

"तुमी म्हनसान तसं, इतकंच म्हन्लं."

"म्हंजे जाचं होतं तुले?"

"हो."

"मंग तसं सांगाचं नाई काय, पोरी?"

"कोनाले सांगू?"

ते गुडघा चोळत राहिले. मला वाटलं आता उठून जातील. ते म्हणाले, "शेषरावचं मागचं पत्र तू वाचलं वाटते."

"वाचलं."

"मले नाई इचारू वाटलं तुले ते. तोंडच नाई झालं." मग माझ्याकडे न बघता ते जे बोलले ते तुम्हाला जसंच्या तसं देते, एकही शब्द न बदलता. "खरं सांगू काय? हे 'इच्छा दिसून येत नाही' लिवून राह्यलो तवा मले आतून बरं वाटलं होतं. तू गेली असती तं घरात आमी दोघंच राह्यलो असतो, एकमेकाचं तोंड पाहात. म्हनून मी पुन्हा इचारलं नाई. बारनिशीत असतानी मी कोनाच्या कागदात काना-मात्रा बदलला नाई कधी. अन् घरच्या कागदात हे केलं."

मला रडू आलं. त्यांच्यासमोर रडले, पदरही सावरला नाही. त्यांच्यावरचा राग धरून ठेवायचा मी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मी म्हटलं, त्या प्रतीवर रद्द लिहा. ते म्हणाले, "गेलेला कागद रद्द होत नसते. नवा पाठवा लागते. तू लिवलं काय त्याले?"

"दोन पत्रं टाकली."

"मंग मी काई लिवत नाई," असं म्हणून ते चप्पल घालून विहारात निघून गेले. बैठक नव्हती आज.

तुमची पोहोच अजून नाही. २३ तारखेला पंधरा दिवस राहिले. मी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते असं लिहिलं तर तुम्हाला पुस्तकी वाटेल, पण अकरा वाजले की मी काही ना काही निवडायला दाराशी घेऊन बसते. आज मसूर निवडला. काल निवडलेलाच.

वच्छला

अकोला स्टेशन
१३ मे १९७९, दुपार

तुम्हाला,

परवा पौर्णिमेला विहारातून आलो आणि मागोमाग पोस्टमन आला. पाकिटावर माझं नाव होतं. 'सौ. वच्छला शेषराव'. पोस्टमनने सवयीने ते मामाजींच्या हातात दिलं. मामाजींनी वरचं नाव वाचलं, उलटून मागचं वाचलं. बावीस वर्षं त्यांनी पाकिटं उघडायचंच काम केलं आहे. अंगठा आपोआप कडेखाली गेला. मग त्यांनी तो काढून घेतला, पाकीट तसंच बंद घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि माझ्या हातात दिलं. "तुयं हाये," म्हणाले. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तर तुमची पोहोच मिळाली. पहिल्या पत्राला तुम्ही खरोखरच सहा पानी उत्तर लिहीत बसला होतात, तारेतली चूक पकडायचा हिशेब कसा करतात, आकडा जुळला नाही की बोलणं परत कसं मागवतात. ते पूर्ण व्हायच्या आत माझं दुसरं पत्र पोहोचलं आणि तुम्ही ती सहा पानं ठेवून दिलीत. 'चांगल्या मनाने केलेला बदल पकडायला आमच्याकडे काही नाही,' असं लिहिलंत. आणि मग, 'चूक माझीही आहे, मी एकदाच विचारलं.' तेवढं वाचून मी तिथेच खाली बसले.

पण शेवटची ओळ! 'तुझी इच्छा असेल तर ये.' तीन वर्षं ज्या शब्दावर घालवली तोच पुन्हा. 'ये' एवढं लिहायला तुम्हाला काय झालं होतं? परदेशी जाऊन शिकणार आहात तर आधी हे शिका.

वाशिमहून लहान गाडीने आम्ही इथे आलो. मामाजी पोहोचवायला येत आहेत; ट्रंकेवर बसून त्यांना डुलकी लागली आहे. आत्याबाईंनी कुरडयांचा डबा दिला आहे, तिकडे नेण्यासाठी. मी म्हटलं, विमानात चुरा होईल. त्या म्हणाल्या, "होऊ दे, चुऱ्याची भाजी चांगली लागते." मुंबईची गाडी अजून तासाभराने आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. तुमच्या हातात देणार आहे. त्याचं कारण सांगते. उद्या तुमच्या दारात उभी राहीन तेव्हा मामाजी शेजारी असतील, चाळीतली माणसं बघत असतील, आणि तुम्ही विचाराल, 'किती दिवस राहशील? मी गेल्यावर इथे थांबशील का परत केनवडला?' मला माझी चांगली ओळख आहे. माझी मान खाली जाईल आणि तोंडातून घोकलेलंच उत्तर निघेल. ते ऐकू नका. मामाजींनाही विचारू नका. हा कागद उघडून वाचा.

मला तुमच्याजवळ राहायचं आहे. आता नऊ दिवस मिळतील, ते नऊ. तुम्ही गेल्यावर तुमच्या त्याच खोलीत मी एकटी राहीन. वर्षभर रोज तुमची वाट पाहीन आणि ती तुम्ही जिथून गेलात तिथेच बसून पाहीन. मला भीती वाटते, आणि तरी मला यायचं होतं. तेव्हाही यायचं होतं.

वच्छला